कंपनी, सरकार आणि आपली बांधी: उठाव करावा का?

मागच्या भागानंतर एका मित्रानं मेसेज केला. तुमसरकडचा आहे. त्याचा प्रश्न: "सरकार कंपन्यांच्याच कलानं चालत असेल तर लोकांनी रस्त्यावर उतरून उठाव करायचा की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांग." एका शब्दात नाही सांगता येणार, भाऊ. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी असा उठाव केला होता. त्याचं काय झालं ते आज सांगतो.

त्याआधी थोडं आपल्या घरचं. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. डोंगरीच्या खाणीतलं खनिज बॅटरीच्या सेलमध्येसुद्धा वापरतात. म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये भंडाऱ्याची माती असू शकते! या भागात मँगनीजचा धंदा सुरू केला तो १८९६ मध्ये निघालेल्या एका इंग्रज सिंडिकेटनं. पुढं तिचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं. स्वातंत्र्य मिळालं, तरी ही कंपनी लगेच गेली नाही. १९६२ मध्ये मॉईल स्थापन झाली तेव्हा ५१ टक्के हिस्सा केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारचा होता आणि ४९ टक्के त्याच इंग्रज कंपनीचा. तो हिस्सा सरकारकडे यायला १९७७ उजाडलं. झेंडा बदलला तरी खाणीचे कागद तीस वर्षं मागं राहिले. हे 'कागद' लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता चला पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीला. तिकडंही आपल्यासारखीच भातशेती, आपण धान म्हणतो तेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीनं मुळा आणि नीला नद्यांच्या संगमावर धरण बांधायचं ठरवलं. पन्नासेक गावं त्यात जाणार होती. लोकांना विचारलं नाही, थेट शेतात खड्डे खणायला सुरुवात झाली.

सरकारनं कंपनीला चोरून मदत केली असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं, सगळं उघड होतं, कायद्यात छापलेलं! १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा अख्खा सातवा भाग कंपन्यांसाठी जमीन घेण्याबद्दलच होता. सरकारनं एकदा जाहीर केलं की ही जमीन सार्वजनिक कामासाठी किंवा कंपनीसाठी हवी आहे, की ती घोषणा हाच अंतिम पुरावा. आणि 'मला हे मान्य नाही' अशी हरकत नोंदवायचा हक्क? तो कायद्यात आला १९२३ मध्ये, कलम ५-अ म्हणून. म्हणजे १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्याला नाही म्हणायला कायद्यात जागाच नव्हती. मग तो बांधावरच नाही म्हणणार ना?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. शस्त्र नाही, दगड नाही. काम थांबलं, आणि कंपनीनं सहा महिने ते थांबवायचं कबूल केलं. विचार करा, एवढी मोठी कंपनी, पाठीशी इंग्रज सरकार, आणि काम थांबवलं भात पिकवणाऱ्या माणसांनी.

सहा महिन्यांत मात्र चित्र फिरलं. का? बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. कसणारा कुळ, मालक शहरात. सावकाराला धरण नको नव्हतं, त्याला भाव चांगला हवा होता. तो बोलणी करत राहिला मोबदल्याची. वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू झालं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी लढा पुढं नेला. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती या मुळशीमुळंच. पण मोबदला घेणारे वाढत गेले आणि बसणारे कमी होत गेले. शेवटी गांधीजींनीसुद्धा लढा आवरता घ्यायचा सल्ला दिला.

डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामगारांना नेणारी रेल्वे अडवली, पिस्तुलं चालवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरं झालं. बापटांच्या धैर्यापुढं मी हात जोडतो. पण मला विचाराल तर ती गोळी सुटली तोवर लढा हरलेला होता. बाराशे माणसं बसली तेव्हा काम थांबलं, मूठभरांनी पिस्तूल उचललं तेव्हा नाही थांबलं.

आता ८४ वर्षं पुढं येऊ, रायगडात. पेणच्या परिसरात रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी हजारो हेक्टर जमीन घ्यायची होती, त्याच जुन्या १८९४ च्या कायद्यानं. या वेळी सातबारा मात्र कसणाऱ्याच्याच नावावर होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसं सोबत होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला शेतकऱ्यांचं मतदान घ्यावं लागलं. बहुतेकांनी विरोधात मत दिलं. पुढं भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला.

म्हणून तुमसरच्या मित्राला माझं उत्तर असं: हो, उठावं. पण खड्डा खणायला सुरुवात झाली त्या आठवड्यात उठावं, चेक वाटून झाल्यावर नाही. आणि सातबारावर ज्याचं नाव आहे तो माणूस तुमच्या बाजूला बसलाय का, हे आधी बघावं. शेजाऱ्यानं गुपचूप सही केली असेल तर माईकवरच्या घोषणांना काय अर्थ?

अशाच लढ्यांच्या रेट्यानं १८९४ चा कायदा गेला. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी सरकारनं जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. वर्षभरात सरकारनं अध्यादेश काढून या अटी सैल केल्या, देशभर विरोध झाला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो अध्यादेश संपू द्यावा लागला. तरी निर्धास्त राहू नका हां. आपल्या राज्यात एमआयडीसी १९६१ च्या स्वतंत्र कायद्यानं जमीन घेते, त्यात अशी संमतीची अट नाही.

आणि हे सगळं लांबचं नाही. लाखनी-साकोली पट्ट्यातलं मुंडीपार घ्या. २०१३ च्या मे महिन्यात तिथं भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. ही सरकारी कंपनी, आणि केंद्रात अवजड उद्योगमंत्री होते आपल्याच भागाचे प्रफुल्ल पटेल. पोरांना वाटलं, आता पुण्याला जायची गरज नाही. वर्षांमागून वर्षं गेली, कारखाना काही उभा राहिला नाही. 'कारखाना द्या, नाहीतर जमीन द्या' ही मागणी तुम्हीही ऐकली असेल.

नव्या कायद्यात यावर कलम १०१ आहे: पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला परत जाईल. मुंडीपारचं भूमिपूजन त्या कायद्याच्या आधीचं. पण उद्या तुमच्या गावात कुणी जमीन मोजायला आलं तर त्या वाक्यातला 'किंवा' नीट वाचा. मालक की लँड बँक, हे ठरवणार सरकारच.