मांडवी ते बिल ऑफ एंट्री: आयातीच्या एका फॉर्मचा इतिहास

आजच्या भागात ना लढाई आहे, ना किल्ला. आज आपण एका फॉर्मबद्दल बोलणार आहोत. परदेशातून व्यापारासाठी माल आणणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागतो. त्याचं नाव ‘बिल ऑफ एंट्री’. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम ४६ सांगतं की आयातदाराने आपल्या मालाची नोंद या कागदावर करायची. आता कागद नाही, सगळं ऑनलाइन आहे, पण रकाने तेच. रकाने पुष्कळ असले तरी मुद्द्याचे प्रश्न चारच आहेत: माल कोणाचा? माल कोणता? किंमत किती? आणि आला कुठून?

हे चार प्रश्न कुणा बाबूने टेबलावर बसून सुचवलेले नाहीत. प्रत्येकामागे भांडणं आहेत, पळवाटा आहेत, एकामागे तर युद्धही आहे. आणि चारही प्रश्नांच्या मुळाशी एक पाचवा प्रश्न आहे: मालाबद्दल खरं सांगायची जबाबदारी कोणाची? याचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू बदललं. तुम्ही स्वतः काही आयात करणार असाल, तर तुमच्या खिशाशी थेट संबंध याच बदलाचा आहे. एकेक रकाना घेऊया.

पहिला रकाना: माल कोणाचा?

आधी एक शब्द. जुन्या मराठीत जकात गोळा करायच्या जागेला ‘मांडवी’ म्हणत. मुंबईत मशीद बंदराजवळचा मांडवी विभाग आहे ना, त्याचं नाव तिथल्या जुन्या जकातघरावरून आलं. ‘जकात’ हा शब्द मात्र अरबी. आणि जकातीचा दर मालकाच्या नावावर अवलंबून असला की काय होतं, हे पाहायला आपल्याला मोगलांच्या काळात जावं लागेल.

१६६५ मध्ये औरंगजेबाने दर ठरवले: मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के, हिंदू व्यापाऱ्याला पाच टक्के. दोनच वर्षांनी मुसलमानांची जकात पूर्ण माफ झाली. मग व्हायचं तेच झालं. खाफीखान या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की हिंदूंचा माल मुसलमान व्यापाऱ्यांच्या नावावर सुटू लागला. तिजोरीला खड्डा पडला आणि शेवटी मुसलमानांवर अडीच टक्के जकात पुन्हा बसली. धर्म कोणताही असो, वाचणारा पैसा दोघांनी वाटून घेतला की धंदा जमतो!

हाच खेळ पुढे इंग्रजांनी फार मोठ्या प्रमाणावर केला. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिलं. वर्षाला ३,००० रुपये भरा आणि बंगालमध्ये कंपनीचा व्यापार जकातमुक्त करा. माल कंपनीचा आहे हे दाखवायला ‘दस्तक’ नावाचा परवाना असे. पण कंपनीचे नोकर आपला खाजगी माल त्याच दस्तकावर नेऊ लागले. एवढंच नाही, देशी व्यापाऱ्यांना दस्तकं विकूही लागले. प्रामाणिकपणे जकात भरणारा व्यापारी बाजारात टिकेना. नवाब मीर कासीमने १७६३ मध्ये वैतागून सगळ्यांचीच अंतर्गत जकात रद्द करून टाकली. इंग्रजांची सवलत एका फटक्यात निरुपयोगी झाली. त्यातून संघर्ष पेटला आणि १७६४ ची बक्सरची लढाई झाली. बक्सरची कारणं अनेक आहेत, पण त्यात ‘माल नक्की कोणाचा’ हा प्रश्न ठळकपणे होता.

आज या रकान्यात तुमचा आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदार संकेतांक येतो. २०१७ पासून तो पॅनशीच जोडलेला आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन तपासून कायम करावी लागते. तेव्हा कुणी ओळखीचा म्हणाला, “अरे, तुझ्या आयईसीवर माझा एक कंटेनर सोडव की,” तर दस्तक आठवा. कागदावर आयातदार तुम्ही आहात. नोटीसही तुम्हालाच येणार.

दुसरा रकाना: माल कोणता?

हा प्रश्न वाटतो सोपा. कापड म्हणजे कापड, त्यात काय विचारायचं? तर मुंबईच्या गिरण्यांना विचारा.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या सरकारने मीठ, दारू असे मोजके अपवाद सोडून आयातीवरचे कर काढून टाकले. लँकेशायरच्या गिरणीमालकांना तेच हवं होतं. पुढे रुपया घसरला, सरकारला पैसा कमी पडू लागला आणि १८९४ मध्ये आयातीवर पाच टक्के कर परत आला. आता लँकेशायरच्या कापडावर कर लावायचा, तर मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळणार. ते मँचेस्टरला कसं चालेल? म्हणून त्याच वर्षी हिंदुस्थानी गिरण्यांच्या सुतावर पाच टक्के अबकारी कर बसला, पण २० नंबरच्या वरच्या, म्हणजे बारीक सुतावरच. कारण लँकेशायरशी स्पर्धा बारीक सुताची होती, जाड्याभरड्याची नव्हती.

म्हणजे बघा, सुताचा नंबर २० च्या खाली की वर, यावर कर ठरायचा. मँचेस्टरचं एवढ्यानेही समाधान झालं नाही. १८९६ मध्ये सुतावरचा कर गेला, आयात कापडावर साडेतीन टक्के राहिला, आणि इथल्या गिरण्यांच्या सगळ्या कापडावर, जाड्याभरड्यासकट, साडेतीन टक्के अबकारी बसली. लँकेशायर जे कापड विकतच नव्हतं, त्यावरही मुंबईने कर भरायचा! ही अबकारी १९२६ मध्ये रद्द झाली. तीस वर्षं हा कर सरकार कोणाच्या बाजूने आहे याचा रोजचा पुरावा म्हणून लोकांसमोर होता.

आज मालाची ओळख एचएस कोडने होते. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, आणि भारतात पुढे दोन जोडून आठ होतात. पण कोड आला म्हणून वाद संपले असं नाही. खोबरेल तेलाचंच घ्या. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं तेल की केसांचं? हे प्रकरण आयातीचं नव्हतं, देशातल्या उत्पादनावरच्या अबकारीचं होतं, पण वर्गीकरणाची चौकट तीच. वर्षानुवर्षं चाललेल्या या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला: बाटली छोटी आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही.

तिसरा रकाना: किंमत किती?

जकात टक्क्यांत असली की किंमत कमी दाखवायचा मोह होणारच. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यात बंदरातल्या घाऊक रोख भावाचा आधार घेतला जाई, आणि काही मालाची किंमत तर सरकारच ठरवून देई. तुम्ही किती दिले याला फारसं महत्त्व नव्हतं. १९६२ च्या कायद्यातही आधी ‘असा माल साधारणपणे ज्या भावाने विकला जातो’ तो भाव होता. २००७ मध्ये कलम १४ बदललं आणि प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत हा पाया झाला. मात्र विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या नात्यातले नसावेत आणि किंमत हाच व्यवहाराचा एकमेव मोबदला असावा.

या बदलाची वाट न्यायालयाने आधीच दाखवली होती. आयशर ट्रॅक्टर्सने जपानहून बेअरिंग मागवली. विक्रेत्याकडे जुना साठा पडून होता म्हणून त्याने ७७ टक्के सूट दिली. मुंबईच्या कस्टम्सने ती सूट नाकारली आणि किंमत वाढवून कर मागितला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमातल्या अपवादांत बसत नसेल, तर खरोखर दिलेली किंमतच धरायची. नुसती मोठी सूट आहे म्हणून व्यवहार खोटा ठरत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. किंमत खरी असल्याबद्दल अधिकाऱ्याला रास्त शंका आली, तर तो कागद मागू शकतो, आणि समाधान झालं नाही तर तुमची किंमत नाकारू शकतो. शिवाय कर नुसत्या इनव्हॉइसच्या रकमेवर लागत नाही, त्यात भाडं आणि विमा मिळवतात. त्यांचे आकडे कळण्यासारखे नसतील, तर नियमाने परदेशी बंदरातल्या किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरतात. म्हणजे १०,००,००० रुपयांचा माल कर लावण्यापुरता १२,११,२५० रुपयांचा होतो. भाड्याची पावती जपून ठेवणं किती मोलाचं आहे, हे यावरून कळेल.

चौथा रकाना: आला कुठून?

या प्रश्नासाठी आपण कोकणात येऊ. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना एक पत्र पाठवलं. विषय होता मीठ. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, आणि व्यापारी तिकडे वळले तर स्वराज्यातली मिठागरं बसणार होती. म्हणून महाराजांनी हुकूम केला की बारदेशच्या मिठावर जकात एवढी चढवा, की संगमेश्वरच्या मिठापेक्षा ते महाग पडेल.

आजच्या भाषेत हे संरक्षक शुल्क झालं. पण यातली अंमलबजावणीची अडचण लक्षात घ्या. मीठ चाखून ते बारदेशचं की संगमेश्वरचं हे कसं सांगणार? जकात गावावर ठरणार असेल, तर नाक्यावरच्या माणसाला गाव कळलंच पाहिजे.

तीच अडचण आजही आहे. २०१० पासून आसियान देशांशी भारताचा मुक्त व्यापार करार लागू आहे, २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशीही आहे. या देशांत तयार झालेल्या बऱ्याच मालाला शुल्क कमी किंवा शून्य. मग तिसऱ्याच देशातला माल तिथे उतरवून, वेष्टन बदलून इकडे पाठवायचा मोह कुणाला ना कुणाला होतोच. पूर्वी तिथल्या सरकारी संस्थेचं मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं की आयातदार सुटला, अशी सर्वसाधारण समजूत होती. २०२० मध्ये कायद्यात कलम २८डीए आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून त्याचे नियम लागू झाले. आता माल त्या देशाचा का मानायचा, कच्चा माल कुठला, मूल्यवर्धन किती, ही माहिती आयातदाराकडे असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही.

आणि पाचवा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पूर्वीची पद्धत अशी की आयातदार किंवा त्याचा क्लिअरिंग एजंट कागद दाखल करी, आणि माल कोणत्या वर्गात बसतो, कर किती, हे कस्टम्सचा अप्रेझर ठरवी. त्याच्या टेबलावर फाइल अडकायची, बंदरात डॅमरेज चढायचं, आणि त्यातून काय काय रीती निघाल्या असतील हे मी वेगळं सांगायला नको. दर जबर होते, परवान्यांचं राज्य होतं. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने कमाल शुल्क १५० टक्क्यांवर आणलं, ही तेव्हा ‘कपात’ होती, एवढ्यावरून आधीची कल्पना येईल.

एप्रिल २०११ मध्ये कलम १७ बदललं आणि ‘स्वयंनिर्धारण’ आलं. आता कोड तुम्ही निवडायचा, किंमत तुम्ही सांगायची, सवलत लागू आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं आणि कर तुम्हीच मोजायचा. बरेच कंटेनर अधिकाऱ्याने न उघडताच सुटतात. व्यापाऱ्यांनी याचं स्वागत केलं, आणि ते योग्यच होतं. पण टेबलापलीकडच्या माणसाबरोबर त्याची जबाबदारीही आपल्या बाजूला आली. माल सुटला म्हणजे विषय संपला, असं राहिलं नाही. कर कमी भरला गेला असेल, तर साधारणपणे दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते. जाणूनबुजून लपवलं असेल, तर पाच वर्षांपर्यंत, आणि दंड वेगळा.

मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. भिवंडीत गाळा घेऊन वर्षाला तीन-चार कंटेनर आणणाऱ्याकडे असतो फक्त त्याचा एजंट. एजंट हुशार असेलही, पण कायद्यापुढे सही आयातदाराची. म्हणून कोडबद्दल खरंच शंका असेल, तर माल मागवायच्या आधी आगाऊ निर्णय मागता येतो, त्यासाठीचं प्राधिकरण मुंबईतही आहे. आणि माल सुटल्यावर चूक लक्षात आली, तर स्वतःहून नोंद दुरुस्त करायची तरतूद २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८ए मध्ये केली आहे. या दोन्ही वाटा अजून पुष्कळ लोकांना माहीत नाहीत.

मांडवीवरचा कारकून पोत्यात हात घालून बघायचा, अप्रेझर इनव्हॉइसवर भिंग धरायचा. आता बघायचं काम सरकारने बहुतांशी आपल्यावर सोडलंय आणि तपासायचा हक्क स्वतःकडे ठेवलाय. या व्यवस्थेत तेव्हाच निभावतं, जेव्हा चार रकाने भरताना आपल्याजवळ प्रत्येक उत्तराचा पुरावा असतो.

तुमच्यापैकी कुणी बंदरावर, क्लिअरिंगच्या धंद्यात किंवा गिरणगावात काम केलं असेल, तर तिथले जुने शब्द आणि किस्से जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.