विध्यर्थ आणि वस्तुस्थिती : महाडच्या चवदार तळ्याचा ठराव

ठरावाची भाषा बहुधा विध्यर्थी असते, आणि इतिहासलेखनात तिचा नकळत भूतार्थ केला जातो. हा भेद स्पॅनिश भाषेच्या तुलनेने अधिक स्पष्ट होतो. त्या भाषेत 'के से आब्रा' म्हणजे 'खुले व्हावे', तर 'से आब्रा आब्येर्तो' म्हणजे 'खुले झाले असेल'. दोहोंतील 'आब्रा' भिन्न धातूंचे असून उच्चारात केवळ आघाताचा भेद आहे. पहिले रूप इच्छा वा आज्ञा सांगते. दुसरे पूर्ण भविष्यकाळाचे असूनही मराठीप्रमाणेच पुष्कळदा अनुमान दर्शविते. घटना घडली, असे दोहोंपैकी एकही सांगत नाही.

मुंबई कायदेकौन्सिलाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने, चवदार तळ्याच्या वापरास हरकत नसल्याचा ठराव केला. यावरून 'तळे खुले झाले असेल' असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल; स्पृश्यांच्या विरोधामुळे ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा विध्यर्थास कृतीचा आधार लाभला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. न्यायालयीन वादाचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

तात्पर्य, 'व्हावे' आणि 'झाले' यांमधील अंतर कोणी व कसे ओलांडले, हाच अभ्यासकाचा खरा प्रश्न होय.