टबातला समुद्र

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही काही जण उत्तर कोकणातील किनाऱ्यालगतच्या एका गावी बालवाडी पाहण्यास गेलो होतो. वर्गाच्या मधोमध एक रुंद, उथळ प्लॅस्टिकचा टब मांडलेला होता. तळाशी निळे रंगवलेले तांदूळ, एका कडेला चाळून घेतलेली रेती, तीत अर्धवट पुरलेले शिंपले, आणि वर रबराचे प्राणी: शार्क, डॉल्फिन, ऑक्टोपस, तारामासा, कासव. बाईंनी तो आदल्या रात्री जागून सिद्ध केला होता. इंग्रजी शाळांच्या चालीवर त्याचे नाव त्यांनी 'ओशन सेन्सरी बिन' असे सांगितले.

चार वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिने तांदळात हात बुडवला नाही, शिंपला कानाला लावला नाही. सगळे प्राणी बाहेर काढून तिने जमिनीवर दोन वाटे घातले. शार्क व ऑक्टोपस एकीकडे, उरलेले दुसरीकडे. बाईंनी विचारले तेव्हा पहिल्या वाट्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही मुशी, ही म्हाकूल. ही विकायची." आणि दुसरा वाटा? "ते जाळ्यात आले तर सोडायचे." शिंपले तिने टबातच राहू दिले. खरा समुद्र तिथून शंभर पावलांवर होता. खिडकीतून त्याचा आवाज येत होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे: टबातला समुद्र नेमका कोण निर्माण करतो, मांडणारा की खेळणारा? प्रश्न बालशिक्षणाचा वाटेल. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तो परका नाही. संहितेचा अर्थ कोण घडवतो, या वादाचेच हे एक धाकटे भावंड म्हणता येईल. म्हणून या टबाची वंशावळ आम्ही शोधू लागलो. ती अपेक्षेपेक्षा लांबवर गेली, आणि तिच्यात साहित्यिकांची वस्ती बरीच निघाली.

प्रथम नावाविषयी थोडे. 'सेन्सरी' हा शब्द या टबाला दोन वाटांनी आलेला दिसतो. एक वाट मारिया मॉन्टेसरी यांची. रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाची साधने घडवली. दुसरी वाट कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांची. संवेदनांच्या एकात्मीकरणावरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की नाव मॉन्टेसरींच्या घरातले असले तरी वस्तू त्यांच्या शिस्तीत बसणारी नाही. त्यांचे प्रत्येक साधन एकेक गुण वेगळा काढून मुलापुढे ठेवते: फक्त लांबी, फक्त रंगछटा, फक्त खरखरीतपणा. टबात मात्र सारे एकवटलेले असते. थंड, ओले, निळे, टोचणारे, सळसळणारे. शिवाय कल्पनेच्या खेळाविषयी मॉन्टेसरींना फारसे ममत्व नव्हते. तेव्हा टबाचे पूर्वज अन्यत्र शोधणे भाग आहे.

समुद्र पेटीत भरण्याची हौस एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची. १८४५ साली तेथे काचेवरील कर उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने पाणवनस्पती, मासे व गोगलगाय एकत्र ठेवून पाणी न बदलता ते कसे टिकते हे दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक निघाले आणि तो शब्द घरोघरी झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी नेहमीचे मीठ आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमची लवणे मिसळून कृत्रिम समुद्रजलाचा पाठही सिद्ध केला. दिवाणखान्यात समुद्र नांदू लागला, मात्र काचेपलीकडे. हात लावायचा नाही, पाहायचे.

याच गॉस यांचा मुलगा एडमंड. त्याचे 'फादर अँड सन' (१९०७) हे आत्मकथन साहित्याच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते ते धर्मश्रद्धा आणि डार्विनयुग यांच्या संघर्षासाठी. आम्हांस ते येथे निराळ्या कारणासाठी आठवले. एडमंडच्या आईला रचलेली गोष्ट सांगणे हे पाप वाटे. त्या घरात कल्पित कथेला दारच नव्हते. १८५७ साली आई गेली आणि बाप-लेक डेव्हनच्या किनाऱ्यावर राहण्यास गेले. तेथे ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत उतरून दोघे समुद्रफुले, खेकडे, शेवाळ न्याहाळीत. म्हणजे या मुलाला समुद्र अगदी हाताशी लाभला, खराखुरा, खारट, ओला. पण त्या समुद्राविषयी 'समजा' असे म्हणण्याची मुभा नव्हती. त्यात राक्षस नाहीत, चाचे नाहीत, बुडालेली नगरी नाही. पुढे प्रौढ एडमंडने खंत नोंदवली ती वेगळीच. बापाची पुस्तके वाचून हौशी संग्राहकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि ती डबकी ओरबाडली जाऊन ओस पडली. समुद्राची प्रतिकृती करण्याच्या नादात समुद्रच उणा झाला. आज कुणी टबासाठी किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले आणायला निघाले तर ते पान वाचून मग निघावे, असे आम्ही सुचवू.

वाळूचा ओघ दुसरीकडून आला. बर्लिनच्या बागांत मुलांसाठी वाळूचे ढीग टाकलेले असतात, असे डॉ. मारी झाकरझेव्स्का यांनी बॉस्टनला कळवले आणि १८८५-८६ च्या सुमारास तेथील गरीब वस्तीत 'वाळूबागा' सुरू झाल्या. अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांचा उगम त्यांतच मानतात. हा भाग एवढ्यावरच सोडतो, कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर त्याहून पुढे, एका कादंबरीकाराच्या खोलीत आहे.

हा कादंबरीकार एच. जी. वेल्स. काळयंत्र आणि मंगळावरील आक्रमक यांचा हा निर्माता आपल्या दोन मुलांसोबत जमिनीवर पालथा पडून खेळे, आणि त्या खेळांवर त्याने १९११ साली 'फ्लोअर गेम्स' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यातील एका खेळात खोलीची जमीन म्हणजे समुद्र आणि लाकडी फळ्या व ठोकळे म्हणजे बेटे. पाण्याचा थेंब नाही, निळा रंग नाही. 'हा समुद्र' असे ठरवले की झाला. बेटांवर वस्ती, देवळे, प्राणी; मग जहाजे निघतात, नव्या भूमी सापडतात. एडमंड गॉसपाशी समुद्र होता, कल्पित नव्हते. वेल्सच्या मुलांपाशी कल्पित होते, समुद्र नव्हता. खोलीत समुद्र मांडण्याच्या पुढच्या साऱ्या पद्धती या दोन टोकांच्या दरम्यान कुठे तरी पडतात.

त्या दोन टोकांना जोडणारी व्यक्ती म्हणजे मार्गारेट लोवेनफेल्ड (१८९०-१९७३). या इंग्लिश डॉक्टरबाईंनी पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये मदतकार्य केले. तेथील हाल पाहून एक प्रश्न त्यांच्या मागे लागला: इतके सोसूनही काही मुले सावरतात, काही सावरत नाहीत, हे का? १९२८ साली त्यांनी लंडनच्या एका गरीब भागात बेचैन मुलांसाठी दवाखाना काढला. मुलाच्या मनातले मुलाच्या शब्दांतून बाहेर येत नाही, कारण ते मुळी शब्दांत नसतेच, हे त्यांना जाणवत होते. तेव्हा तरुणपणी वाचलेले वेल्स यांचे पुस्तक आठवले. त्यांनी काड्या, मणी, रंगीत कागद, काडेपेट्या, लहानसहान खेळणी एका पेटीत भरली. मुले तिला 'अद्भुत पेटी' म्हणू लागली. १९२९ मध्ये दवाखाना नव्या जागी गेला. तेथे जस्ताची तबके ठेवली, एकात वाळू, जवळ पाणी, आणि शेजारी खेळण्यांचे कपाट. कोणतीही सूचना नव्हती. काही महिन्यांतच मुलांनी आपण होऊन कपाटातील वस्तू वाळूत मांडायला सुरुवात केली आणि त्या मांडणीला 'जग' असे नाव दिले.

'जग-तंत्र' या नावाने प्रसिद्ध झालेली ही पद्धत आपण शोधली नसून मुलांनी शोधली, असे लोवेनफेल्ड आवर्जून सांगत. हा केवळ विनय नव्हे. त्यांचे सारे शास्त्र त्यावरच उभे आहे. तबक रिकामे होते म्हणून त्यात जग उमटले. मुलाने घराभोवती कुंपण घातले, वाघ वाळूत पुरला, नदी मध्येच तोडली, तर त्याचा अर्थ लावण्याची घाई मोठ्यांनी करू नये. ते पाहावे, टिपून ठेवावे, मुलाला विचारावे. स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी १९५४ साली झुरिकमध्ये हे काम ऐकले, १९५६ मध्ये लंडनला जाऊन ते आत्मसात केले आणि युंगच्या मानसशास्त्राशी त्याची सांगड घातली. त्यांच्या वाळूच्या पेटीचा तळ आतून निळा रंगवलेला असे. बोटाने वाळू सारली की खाली पाणी. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत सुंदर युक्ती. समुद्र आहे, पण मुलाचे बोट फिरल्याशिवाय तो दिसत नाही.

आता आपल्या निळ्या तांदळांच्या टबाकडे परत येऊ. त्याची कृती सोपी आहे. तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि खाण्याचा निळा रंग चोळायचा, कागदावर पसरून वाळवायचा, टबात ओतायचा. मग वाळू, शिंपले, प्राणी. (अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आजीसमोर हे करू नये, हे सांगणे न लगे. रांगोळी किंवा लाकडाचा भुसा चालतो.) पाणी भरायचे असेल तर मोठे माणूस शेजारून हलता कामा नये, आणि खेळ संपताच टब उपडा करावा. तीन वर्षांखालील मुलांपुढे बारीक शिंपले ठेवू नयेत. पाण्यात फुगणारे ते पारदर्शक जेलचे मणी तर घरातच नकोत. गिळले तर ते पोटात फुगून आतडे अडवतात. त्यापायी झालेल्या दुखापती व मृत्यूंनंतर अमेरिकेतील बड्या दुकानदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांसाठीच्या अशा मण्यांची विक्री थांबवली.

पण आमची हरकत सुरक्षिततेची नाही. विषय ठरवून दिलेला टब, म्हणजे आज समुद्र, उद्या जंगल, परवा अवकाश, हा लोवेनफेल्डच्या तबकाचे रूप घेऊन गॉसच्या काचपेटीचे काम करतो. समुद्र आधीच करून ठेवलेला आहे. मुलाने त्यात हात घालावा, एवढीच मुभा. हात घालणे हे काचेपेक्षा निश्चितच बरे. तरीही डॉल्फिन आणि तारामासा हा समुद्र कोणाचा? तो चित्रांच्या पुस्तकातला, सुटीवर समुद्र पाहायला येणाऱ्याचा समुद्र आहे. मासेमाराच्या मुलीला त्यात दोनच ओळखीचे चेहरे सापडले, आणि तिने बाकीच्यांना सोडून दिले.

हाच पेच आपल्याकडे फार पूर्वी वेगळ्या दिशेने सोडवला गेला होता. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या संस्थेत गेल्या, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात उतरल्या. मॉन्टेसरी साधने उत्तम, पण महाग. खेड्यात ती परवडणार कशी? १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेथे साधनांची जागा शिंपल्यांनी, गारगोट्यांनी, बियांनी, पानांनी, मातीने घेतली. मोजायचे ते शिंपले, लावायचे ते शिंपले, लहान-मोठे ओळखायचे तेही शिंपल्यांवरून. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सरकारी फलकावर वाचतो, त्याचे मूळ तेथे आहे. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या मंडळींनी समुद्र पेटीत भरला नाही. मुलाच्या पायाखाली जे पडले होते त्यालाच साधनाचा मान दिला. काटकसर म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आज वाचताना एक विचार म्हणून अधिक मोलाची वाटते. अर्थात तिलाही मर्यादा होती: शिंपला तेथे बहुधा शिंपला म्हणूनच, गणतीसाठी वापरला जाई. तो होडी किंवा राजाची ढाल होऊ शकतो, हा वेल्सचा मार्ग त्या शिस्तीत किती मोकळा होता, यावर अभ्यासकांनी लिहावे.

निघताना आम्ही बाईंना सहज विचारले, टबातले शिंपले इथल्याच किनाऱ्याचे ना? नाही म्हणाल्या. मुंबईहून पाकिटातून आणवले होते. धुतलेले, घासलेले, एका आकाराचे. इथले घेतले तर वास येतो, आणि पालक विचारतात की हे तर आमच्या दारातही आहेत, शाळेत कशाला पाठवायचे? पालकांचा हा प्रश्न चुकीचा आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्या मुलीने मुशी आणि म्हाकूल रिकाम्या डब्यात भरून दुसऱ्या मुलाला विकायला घेतली होती. भाव काही जमत नव्हता.