30 मिलिमीटरची ओढ: रक्तातलं पाणी रक्तात का राहतं?

दिवसभर उभं राहून पाय सुजले की आपण घोट्याजवळ अंगठा दाबून बघतो. खळगा पडतो, कारण रक्तातलं पाणी बाहेर येऊन तिथे साठलेलं असतं. मला मात्र उलटाच प्रश्न पडतो. केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ, त्यात आतून रक्ताचा दाब. मग सगळंच पाणी बाहेर का झिरपत नाही?

19व्या शतकाच्या अखेरीस यावर दोन तट होते. कार्ल लुडविग म्हणत, दाबामुळे द्रव गाळून बाहेर येतो. ब्रेस्लाउचे रुडॉल्फ हायडेनहाइन म्हणत, केशवाहिन्यांच्या पेशी तो स्रवतात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधला अर्नेस्ट स्टार्लिंग 1892 मध्ये हायडेनहाइनकडे काम करून आला आणि पुढे त्यांच्याच मताविरुद्ध उभा राहिला. पण गाळणं मान्य केलं, तरी एक कोडं उरतंच: बाहेर गेलेलं पाणी परत आत कसं येतं?

रक्तद्रवाचा एकूण परासरण दाब 5,000 मिलिमीटर पाऱ्याहून जास्त असतो. तो जवळजवळ सगळा मिठाचा आणि इतर लहान कणांचा. प्रथिनांचा वाटा शंभरात एकाहूनही कमी, म्हणून तो नगण्य समजला जाई. स्टार्लिंगनं विचार केला तो भिंतीचा. मीठ भिंतीतून आरपार जातं, दोन्हीकडे सारखंच होतं. मग त्याची ओढ उरते कुठे? अडकतात ती प्रथिनं. म्हणजे टिकाऊ ओढ त्यांचीच!

ती मोजायची कशी? त्यानं जिलेटिन भरलेला पडदा वापरला. त्यातून पाणी आणि मीठ जातं, प्रथिनं जात नाहीत. एका बाजूला सीरम, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी. पाणी हळूहळू सीरमकडे ओढलं जातं आणि दाबमापकातला पारा चढतो. तो जिथे थांबला, तो आकडा होता साधारण 30 मिलिमीटर. गंमत बघा, केशवाहिन्यांतला रक्तदाबही याच पट्ट्यातला! नगण्य म्हणून सोडलेला दाब बरोबरीचा निघाला.

1896 च्या लेखात त्यानं कुत्र्याच्या पायाचा प्रयोगही मांडला. मिठाच्या पाण्यानं सुजवलेल्या पायातून तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरवलं, तेव्हा रक्त पातळ झालं. म्हणजे पाणी आत ओढलं गेलं होतं.

थेट पुरावा यायला 1927 उजाडलं. अमेरिकेत युजीन लँडिसनं बेडकाच्या एकेका केशवाहिनीत काचेची सूक्ष्म नळी घालून दाब मोजला. दाब जास्त तिथे द्रव बाहेर, कमी तिथे आत. त्याच वर्षी स्टार्लिंग वारला.

आज हे मोजमाप यंत्रावर काही मिनिटांत होतं, आणि निरोगी माणसात आकडा 25 च्या आसपास येतो. शिरेच्या टोकाला पाणी सतत आत येतं, हे त्याचं चित्र आता बदललंय. बरंचसं पाणी लसीकावाहिन्यांतून परततं. पण ओढीचं तत्त्व टिकून आहे. मूत्रपिंडाच्या आजारात लघवीतून अल्ब्युमिन वाहून जातं, तेव्हा मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात. डॉक्टर अल्ब्युमिनचा रिपोर्ट मागतात, त्यामागे एक कारण हीच ओढ असते.

एकूण आकडा केवढा मोठा, यापेक्षा भिंत कोणाला अडवते हे बघायला हवं होतं. स्टार्लिंगनं तेवढंच बघितलं. भेटू पुढच्या भागात.