गुलाबी गालाखालची हिरवी माती

डिजिटल पोर्ट्रेट रंगवताना गालाच्या सावलीत किंचित हिरवा, कानाशी तांबूस, हनुवटीखाली निळसर अशा छटा सरकवतात. ही रीत संगणकाच्या कितीतरी आधी इटलीतल्या लाकडी फळ्यांवर रुजली होती. चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने 1400च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात चेहऱ्याला आधी हिरव्या मातीचा हात द्यायला सांगितलं आहे, गुलाबी नंतर. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग पाहता पाहता वाळतो, त्यामुळे दोन रंग ओले असताना एकमेकांत विरघळवता येत नाहीत. मग बारीक रेघांशेजारी रेघा ओढायच्या आणि फटींतून खालचा हिरवा डोकावू द्यायचा. त्या काळच्या कित्येक मॅडोनांच्या चेहऱ्यांवरचा गुलाबी आज झिजला आहे आणि त्या हिरव्या दिसतात. मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण चित्रकाराचा हात तिथे उघडा दिसतो.

हिरव्यालगत गुलाबी जास्त गुलाबी का भासतो, हे उलगडलं एका रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रलकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. तपासात दोष रंगात नव्हे, शेजारच्या धाग्यांच्या रंगांत निघाला. यावरचा त्याचा ग्रंथ 1839चा.

पुढे रंगकाम संगणकावर आलं. 1973मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रिचर्ड शूप यांनी पडद्यावर रंगवण्यासाठी ‘सुपरपेंट’ उभं केलं. पडद्यावर एका वेळी 256 रंग. लाल, हिरवा, निळा यांच्या मिश्रणातून हवी ती छटा गाठणं चित्रकाराला जड जातं, म्हणून तिथेच ॲल्वी रे स्मिथ यांनी रंगाची जात, तीव्रता आणि उजळपणा ही तीन मापं वेगळी केली. 1978मध्ये ती प्रसिद्ध झाली. 2002च्या फोटोशॉप 7मधला ब्रश हीच मापं फटकाऱ्यागणिक आपोआप थोडी हलवू लागला.

या सोयीने सपाटपणा मोडतो, पण ब्रशला चेहरा कळत नाही. कपाळाची कातडी पिवळसर; नाक, गाल, कान रक्ताने तांबूस; दाढीच्या जागी केसांच्या मुळांची निळसर झाक. चेन्निनीचा हिरवा नेमक्या जागीच डोकावत होता. तेव्हा छटेची जागा आपणच ठरवावी आणि जात सरकवताना उजळपणा मात्र हलू देऊ नये. तो हलला की गालावर लाली न दिसता डाग दिसतो.