घरगुती उष्णता पंपाची उभारणी (जालना जिल्हा)

घरगुती उष्णता पंप हे बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून ती घरातील पाण्याला किंवा हवेला देणारे, विजेवर चालणारे यंत्र आहे. घरातील फ्रिज ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व येथे उलट हेतूने वापरलेले असते. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात या यंत्राचा उपयोग प्रामुख्याने अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी आहे. खोल्या उबदार ठेवण्याची गरज येथे वर्षातील मोजक्याच रात्री भासते. थंड देशांत लिहिलेल्या उभारणीच्या सूचना बर्फ, गोठण आणि शून्याखालील तापमान यांभोवती फिरतात. जालन्यात यंत्राला व ते वापरणाऱ्याला असलेले धोके निराळे आहेत. ते सदोष अर्थिंगमधून, टाकीत कोंडलेल्या दाबातून, क्षारयुक्त पाण्यातून आणि खंडित पुरवठ्यातून येतात. त्यामुळे या सूचना जशाच्या तशा न स्वीकारता त्यांचा क्रम बदलून घ्यावा लागतो.

कार्यतत्त्व

यंत्रात चार मुख्य भाग असतात. बाष्पकात द्रवरूप प्रशीतक बाहेरच्या हवेतील उष्णता घेऊन वायुरूप होते. संपीडक, म्हणजेच कॉम्प्रेसर, त्या वायूचा दाब व तापमान वाढवतो. संघनकात हा तप्त वायू आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि प्रसरण झडपेतून दाब उतरून बाष्पकाकडे परततो. वीज खर्च होते ती उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः तिची वाहतूक करण्यासाठी. म्हणून एक युनिट विजेच्या मोबदल्यात अडीच ते चार युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तराला कार्यक्षमता गुणांक म्हणतात.

२०० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ७ युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या गीझरला तेवढी सगळी वीज खर्चावी लागते, तर ३ गुणांकाच्या उष्णता पंपाला साधारण सव्वादोन ते अडीच युनिट पुरतात.

या यंत्राची कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये ती सैद्धांतिक स्वरूपात मांडली. ऑस्ट्रियातील पीटर फॉन रिटिंगर यांनी त्याच दशकात मिठागराच्या कामासाठी तिचा प्रत्यक्ष उपयोग केला. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातील उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला.

जालना जिल्ह्यातील हिवाळा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून दूर आहे. त्यामुळे येथील हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० ते १३ अंशांच्या आसपास उतरतो आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की एक अंकी होतो. त्याच दिवशी दुपारी मात्र तापमान २८ अंशांच्या घरात असते.

उष्णता पंपाच्या दृष्टीने ही तफावत महत्त्वाची आहे. यंत्राला उष्णता जितक्या कमी तापमानावरून उचलून आणावी लागते, तितकी वीज अधिक लागते. ५० अंशांचे पाणी मिळवताना १२ अंशांच्या हवेतील आदर्श, म्हणजे केवळ गणितातील, गुणांक साडेआठच्या आसपास येतो. २८ अंशांच्या हवेत तो साडेचौदाच्या वर जातो. प्रत्यक्ष यंत्राचा गुणांक याहून पुष्कळ कमी असला तरी फरकाची दिशा तीच राहते. अंघोळीसाठी पाणी पहाटे लागते म्हणून यंत्रही पहाटेच चालवणे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे, परंतु जालन्यात तो तोट्याचा ठरतो. दुपारी १२ ते ४ या वेळात पाणी तापवून चांगल्या उष्णतारोधक टाकीत साठवणे अधिक किफायतशीर पडते. छतावर सौर वीजसंच असल्यास ही वेळ त्यालाही सोयीची असते.

याच कारणाने उणे २० किंवा उणे २५ अंशांपर्यंत चालण्याची हमी देणारे, विशेष थंडीसाठी बनवलेले महागडे यंत्र येथे घेण्यात अर्थ नाही. युरोपातील चाचणीत ७ अंश तापमानाच्या हवेत दाखवलेली कामगिरी पाहणे पुरेसे आहे, कारण ती जालन्यातील कडाक्याच्या पहाटेशी जवळपास जुळते.

पूर्वीची साधने

जिल्ह्यातील घरांत पाणी तापवण्याचे पारंपरिक साधन म्हणजे तांब्याचा बंब किंवा अंगणातील चूल. जळण म्हणून लाकडासोबत तुराट्या, पऱ्हाट्या आणि मक्याची बुरकुंडे वापरली जातात. शहरी घरांत विजेचा गीझर, पाण्यात बुडवायची हीटिंग रॉड, सौर जलतापक आणि गॅस गीझर आले. यांपैकी शेवटच्या साधनाचा इतिहास दुःखद आहे. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू ठेवल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. उष्णता पंपात ज्वलन होत नसल्याने हा धोका मुळातच उरत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा लाभ होय. मात्र वीज, दाबाखालील तप्त पाणी आणि काही यंत्रांत ज्वलनशील वायू या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात असतात, ही त्याची दुसरी बाजू आहे.

जागा व पाया

२०० लिटरची भरलेली टाकी स्वतःच्या वजनासह अडीचशे किलोपर्यंत जाते. जिल्ह्यातील जुन्या घरांवर लाकडी सरा व मातीचे माळवद असते, नव्या वस्त्यांत पत्र्याचे छत असते. या दोन्हींवर टाकी ठेवू नये. सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबवरही ती खांब किंवा भिंतीच्या आधारावर येईल अशी बसवावी. शक्य असेल तेथे जमिनीलगतचा पक्का ओटा सर्वांत बरा. ओट्याची उंची वीतभर तरी असावी. थंड देशांत ही उंची बर्फासाठी ठेवतात. येथे ती पावसाळ्यातील चिखल, धूळ आणि तारा कुरतडणारे उंदीर यांसाठी आवश्यक आहे.

यंत्रातून बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा थंड व जड असते. वाड्याच्या चौकात किंवा दोन इमारतींमधील अरुंद बोळात ती खाली साचते, आणि यंत्र तीच हवा पुन्हा ओढून घेऊ लागते. अशा जागी बाहेर १२ अंश तापमान असतानाही बाष्पकाला मिळणारी हवा बरीच थंड असू शकते. म्हणून पंख्यासमोरची बाजू मोकळी ठेवावी आणि पुस्तिकेत दिलेले अंतर सर्व बाजूंनी सोडावे. दक्षिण किंवा पश्चिमेकडील उन्हाची भिंत हिवाळ्यात उपकारक ठरते. एप्रिल-मे महिन्यांतील ४० अंशांवरील उन्हात मात्र यंत्रावर सावली हवी. सावलीसाठी केलेल्या पत्र्याने हवेची वाट अडू नये.

पाण्याची जोडणी

पाणी तापले की फुगते. २० अंशांवरील २०० लिटर पाणी ५० अंशांवर गेले की सुमारे दोन लिटरने वाढते. ही वाढ सामावण्यास वाट नसेल तर टाकीतील दाब वेगाने चढतो. टाकी कोणत्या प्रकारे भरते यावर तिची सुरक्षाव्यवस्था ठरते.

घराच्या गच्चीवरील टाकीतून केवळ उंचीच्या जोरावर पाणी येत असेल, तर सौर जलतापकाप्रमाणे गरम पाण्याच्या टाकीपासून एक उघडी वायुनलिका काढून ती गच्चीवरील टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावी. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. त्या हिशेबाने तीन मीटर उंचीवरील टाकीतून जेमतेम ०.३ बार दाब येतो. काही यंत्रांना तेवढा पुरत नाही, म्हणून खरेदीपूर्वी हा आकडा तपासणे इष्ट. दाबाचा पंप बसवलेल्या घरात उघडी नलिका चालत नाही. तेथे दाब व तापमान या दोहोंवर उघडणारी सुरक्षा झडप अनिवार्य आहे. या झडपेतून अधूनमधून पाणी ठिबकते. ते गळतीचे लक्षण समजून झडपेच्या तोंडाला बूच मारण्याचा प्रकार आढळतो. तो जीवघेणा आहे. ठिबकणारे पाणी उघड्या नळीने उताराकडे न्यावे आणि त्या नळीवर तोटी बसवू नये.

जालना शहराला गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पातून व निजामकाळी बांधलेल्या घाणेवाडी जलाशयातून पाणी मिळते. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. अनेक घरे आणि बहुतेक गावे कूपनलिका किंवा टँकर यांवर अवलंबून असतात. याचे उभारणीवर दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे रिकाम्या टाकीचा धोका. साहाय्यक विद्युत कॉइल असलेल्या यंत्रात टाकी कोरडी असताना कॉइल सुरू झाल्यास ती जळते. म्हणून थंड पाण्याच्या नळीवर परतीची झडप असावी, म्हणजे गच्चीवरची टाकी रिकामी झाली तरी यंत्रातील पाणी उलटे वाहून जात नाही. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून घेतले की खालचा साठाही टिकून राहतो.

दुसरा परिणाम क्षारांचा. काळ्या बेसाल्ट खडकातील भूजल बहुधा जड असते. पाणी जितके अधिक तापवावे तितका क्षारांचा थर लवकर जमतो. या दृष्टीने ५० ते ५५ अंश ही मर्यादा योग्य आहे. याविरुद्ध २० ते ४५ अंशांदरम्यानच्या साठ्यात लिजिओनेला हे रोगकारक जिवाणू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय यंत्रात असावी. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर न्हाणीघराच्या नळापूर्वी थंड-गरम पाणी मिसळणारी झडप बसवणे आवश्यक ठरते.

विद्युत जोडणी

यंत्रासाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी असावा. साहाय्यक कॉइल धरून एकूण भार ३ किलोवॉटपर्यंत जाऊ शकतो. तो महावितरणकडील मंजूर भारात बसतो की नाही हे आधी पाहावे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे.

सर्वांत दुर्लक्षित बाब अर्थिंगची आहे. स्वतंत्र अर्थिंग नसलेल्या घरांत न्यूट्रलच्या तारेलाच अर्थची तार जोडून काम भागवले जाते. अशा जोडणीत बाहेर कोठे न्यूट्रल तुटला, तर यंत्राचे संपूर्ण धातूचे कवच, आणि त्यासोबत धातूचा नळही, विद्युतभारित होतो. ओल्या अंगाने त्याला हात लागणे म्हणजे मृत्यूशी गाठ. अर्थिंगचा खड्डा केला असला तरी तो कायमचा पुरत नाही. जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि रोध वाढतो. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालणे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस रोध मोजून घेणे हे त्याच्या देखभालीचे भाग होत. पावसाळ्यात घेतलेले मोजमाप समाधानकारक आले म्हणून वर्षभर निश्चिंत राहता येत नाही.

ग्रामीण वाहिन्यांवर दाब कमी-जास्त होत राहतो. कमी दाबाखाली कॉम्प्रेसर सुरू होण्यास धडपडतो, अधिक प्रवाह ओढतो व तापतो. वीज गेल्यानंतर ती परत येताच लगेच सुरू होणेही त्याला मानवत नाही. दाब नियंत्रक आणि किमान तीन मिनिटांनी यंत्र सुरू करणारी विलंब यंत्रणा आत नसल्यास बाहेरून जोडावी.

प्रशीतक

नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-२९० हे वायू वाढत्या प्रमाणात वापरले जातात. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवामानाला त्याचा उपद्रव नगण्य, पण तो स्वयंपाकाच्या गॅसइतकाच पेटणारा आणि हवेपेक्षा जड आहे. असे यंत्र बाहेर मोकळ्यावर ठेवावे. तळघराचे तोंड, गटाराची जाळी, चूल, बंब किंवा देवघराची खिडकी त्याच्या जवळ नसावी. गळालेला वायू जमिनीलगत सरकत जातो आणि तेवती समईही त्याला पेटवण्यास पुरते.

कारखान्यातच वायू भरून बंद केलेले मोनोब्लॉक यंत्र घरगुती उभारणीस सर्वांत सुरक्षित असते, कारण जागेवर फक्त पाणी व वीज जोडावी लागते. स्प्लिट प्रकारात तांब्याच्या नळ्या जागेवर जोडल्या जातात. त्यांची दाबचाचणी कोरड्या नायट्रोजनने करावी. ऑक्सिजनच्या सिलिंडरने कधीही करू नये, कारण कॉम्प्रेसरमधील तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. त्यानंतर निर्वात पंपाने नळ्यांतील हवा व बाष्प काढल्यावरच वायू सोडावा. निर्वात न करता थोडा वायू सोडून हवा ‘ढकलून’ देण्याची पद्धत वेळ वाचवते, पण ज्वलनशील वायूच्या बाबतीत ती धोकादायक आहे. प्रत्येक बिघाडावर ‘गॅस भरणे’ हा उपाय नव्हे. बंद चक्रातील वायू आपोआप संपत नाही, तो कमी झाला असेल तर गळती शोधलीच पाहिजे.

दंव

बाष्पकाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड असतो. त्यामुळे हवा ५ ते ७ अंशांखाली आणि दमट असली की त्यावर दंवाचा थर धरतो. शिमला किंवा लेह येथे ही हिवाळ्यातील नित्याची बाब आहे. जालन्यात ती थंडीच्या लाटेतील एखाद्या धुक्याच्या पहाटेपुरती मर्यादित राहते. यंत्र चतुर्मार्गी झडपेने प्रवाह काही मिनिटे उलटा फिरवून हा थर वितळवते. त्या वेळी पंखा थांबणे व वाफ निघणे स्वाभाविक आहे. उबदार पहाटेही दंव धरत असेल, तर दोष थंडीचा नसून धुळीने भरलेल्या पात्यांचा किंवा घटलेल्या वायूचा समजावा. दंव सळईने खरवडल्यास पातळ ॲल्युमिनियमची पाती वाकतात, आणि ज्वलनशील वायूच्या यंत्रात नळीला छिद्र पडणे अधिक गंभीर ठरते.

देखभाल

खरीप पिकांच्या मळणीच्या काळात हवेत भुसा व धूळ फार असते, म्हणून दिवाळीनंतर लगेच वीज बंद करून पाती मऊ ब्रशने व पाण्याच्या हलक्या धारेने धुवावीत. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे आणि सुरक्षा झडपेची कळ सहा महिन्यांतून एकदा उचलून पाणी वाहू द्यावे. टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून पोलादाचे गंजणे रोखतो. जड पाण्याच्या भागात तो दरवर्षी बाहेर काढून पाहावा लागतो, आणि निम्म्याहून अधिक झिजलेला असल्यास बदलावा लागतो.