जावा वेब ॲप्लिकेशनच्या फॉर्मला कॅप्चा कसा लावायचा?

मोबाईलवर फॉर्म भरताना 'मी रोबोट नाही' या चौकटीवर तुम्ही कितीतरी वेळा टिक केलं असेल. तोच कॅप्चा आपल्या जावा प्रोजेक्टमध्ये कसा बसवायचा, ते आज पाहू. उदाहरणासाठी गूगलचं रीकॅप्चा व्हर्जन 2 घेऊ.

कॅप्चा कशासाठी?

बॉट म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम. ओटीपी पाठवणारा फॉर्म मोकळा सोडला, तर बॉट एका रात्रीत हजारो एसएमएस पाठवायला लावेल आणि बिल येईल तुमच्याकडे. खोट्या खात्यांचा कचरा वेगळाच.

कसा लावायचा?

1. रीकॅप्चाच्या साइटवर आपलं डोमेन नोंदवा. दोन की मिळतील. साइट की पेजमध्ये दिसली तरी चालते. सिक्रेट की मात्र सर्व्हरवरच ठेवा, चुकूनही गिटहबवर टाकू नका.

2. जेएसपी पेजवर गूगलची स्क्रिप्ट जोडा आणि फॉर्म टॅगच्या आत साइट की असलेला डिव्ह ठेवा.

3. युजरने टिक केलं की फॉर्मसोबत एक लांबलचक टोकन येतं. सर्व्हलेटमध्ये 'जी-रीकॅप्चा-रिस्पॉन्स' या पॅरामीटरमधून ते वाचा.

4. टोकन आणि सिक्रेट की गूगलच्या 'साइटव्हेरिफाय' पत्त्यावर पोस्ट करा. जावा 11 पासून त्यासाठी एचटीटीपी क्लायंट जावातच मिळतो. जेसॉन उत्तरात 'सक्सेस' ट्रू आलं, तरच फॉर्म स्वीकारा.

खरी मेख इथेच आहे

चौथी पायरी गाळली तरी चौकट दिसते, टिक होते, फॉर्मही जातो. सगळं ठीक वाटतं. पण बॉटला तुमचं पेज उघडायची गरजच नसते. तो थेट सर्व्हलेटला पोस्ट रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजे सर्व्हरवर तपासणी नसेल, तर कॅप्चा नुसता शोभेचा. ही तपासणी ओटीपी पाठवण्याआधी आणि डेटाबेसला हात लावण्याआधीच करा.

हेही लक्षात ठेवा

- टोकन 2 मिनिटंच चालतं आणि एकदाच तपासता येतं. पुन्हा सबमिट करायला नवीन टोकन लागतं.
- कॅप्चा चुकला तरी भरलेली माहिती पुसू नका. छोट्या स्क्रीनवर सगळं परत टाइप करायला कोणालाच आवडत नाही.
- पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणारी माणसंही असतात. म्हणून एका नंबरवर किती ओटीपी जातील, याची मर्यादा वेगळी घाला.